फटफटीचा चिमटा बदलला ते वर्ष

मेढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पाच वर्षं काढली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण जावळीतली माणसं मला डॉक्टरच म्हणायची आणि ते दुरुस्त करणं मी पहिल्या महिन्यातच सोडून दिलं. दवाखाना म्हणजे एक कौलारू खोली, पुढे जनावर अडकवायचा लाकडी खोडा आणि मागच्या बाजूला माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. वाड्यावस्त्या डोंगरात विखुरलेल्या. एसटी मोठ्या गावांपर्यंत जायची, पुढे पायवाट. म्हणून मी फटफटी घेतली होती.

ती कडेगावाकडच्या एका निवृत्त सुभेदारांची. लष्करातून लिलावात निघालेली, परदेशी बनावटीची, वयानं माझ्यापेक्षा फार लहान नसलेली. सुभेदारांचे गुडघे गेले होते, किक मारवत नव्हती. इंजिन त्यांनी देवासारखं सांभाळलेलं. वाईट होता तो पुढचं चाक धरणारा चिमटा. नव्या गाड्यांना असतात तशा तेलाच्या दोन नळ्या तिला नव्हत्या. चाकाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी सांगाडा वर यायचा आणि दिव्याच्या मागे एकच जाडजूड स्प्रिंग. बाजूला एक फिरकी होती. ती आवळली की चिमटा दगडासारखा कडक, सैल केली की हँडल हातात नाचायचं. सांध्यांतले बुश झिजून गेले होते. खड्डा मोठा असला की स्प्रिंग तळाला लागायची आणि खण्ण असा आवाज यायचा. तो कानाला कमी आणि मनगटाला जास्त ऐकू यायचा.

लग्नानंतर बायको मेढ्याला आली ती सांगलीजवळच्या माधवनगरातून. तिचे वडील तिथल्या गिरणीत कारकून होते. भोंग्यावर उठणाऱ्या, भोंग्यावर जेवणाऱ्या वस्तीत ती वाढलेली. मेढ्याच्या शांततेला ती सुरुवातीला घाबरली. संध्याकाळी डोंगराची सावली अंगणात आली की ती घरातल्या घरात काहीतरी भांडी हलवत राहायची. मी तिला फटफटीवर मागे बसवून फिरवायला न्यायचो. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, डावा हात माझ्या खांद्यावर. परत आल्यावर म्हणायची, "थांबा, दात सगळे आहेत का ते बघते आधी." आणि खरंच जिभेनं दात चाचपायची. त्या वर्षात आम्ही बरंच हसलो.

दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. तिला चौथा महिना होता. एका सकाळी ती म्हणाली, "आज साताऱ्याला बाईंना दाखवून येऊ या का?"

बाई म्हणजे साताऱ्याच्या लेडी डॉक्टर. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात ठरलंय ना जायचं?"

"आजच जाऊ," ती म्हणाली. एवढंच.

स्टँडवर गेलो तर दहाची एसटी आलीच नव्हती. कुठंतरी बंद पडली होती, पुढची दोनला. मी तिला तिथंच थांबायला सांगितलं आणि घरी जाऊन फटफटी घेऊन आलो. ती क्षणभर फटफटीकडे बघत राहिली, मग बसली. रस्त्याचं काम काढलेलं होतं. अर्ध्या वाटेवर खडी पसरून ठेवलेली, तिच्यावर रोलर फिरायचा होता. मी जमेल तितकं हळू चालवलं. पण एका मोरीपाशी खडी संपून एकदम खाली उतार होता, तो मला दिसला नाही. चाक खाली गेलं, स्प्रिंग तळाला लागली, आणि माझ्या खांद्यावरचा तिचा हात एकदम घट्ट झाला. मी विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "नाही. चला."

डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन तपासलं, औषध दिलं, विश्रांती घ्यायला सांगितलं. येताना आम्ही एसटीनं आलो. फटफटी मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणली. चौथ्या दिवशी तिला रक्तस्राव सुरू झाला. एका ओळखीच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून मी तिला साताऱ्याला नेलं, पण तोवर सगळं संपलेलं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "प्रवासाचा यात काही संबंध नाही, हे लक्षात ठेवा. असं होतं कधीकधी." मी मान हलवली. समोर उभ्या असलेल्या माणसाला सगळेच असं सांगतात, असं माझ्या मनात आलं. मीही कितीकांना सांगितलं होतं. गाभ टाकलेल्या म्हशीजवळ बसलेल्या म्हातारीला मी नेमकं हेच वाक्य म्हटलेलं होतं, आणि तेव्हा माझं अर्धं लक्ष हात धुण्याकडे होतं.

सासूबाई तिसऱ्या दिवशी आल्या. मुलीजवळ बसल्या, तिच्या केसांतून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जावईबापू, त्या फटफटीवर कशाला नेलंत हो तिला?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. बायको खिडकीकडे तोंड करून पडली होती. ती काहीतरी बोलेल म्हणून मी किती वेळ उभा राहिलो ते आठवत नाही. मग औषधं आणायला म्हणून बाहेर पडलो.

सासूबाई तिला माधवनगरला घेऊन गेल्या. महिनाभर म्हणून गेली होती, त्याचे दोन झाले, मग चार. दर पंधरवड्याला पोस्टकार्ड यायचं. मी बरी आहे, तुम्ही जेवणाची आबाळ करू नका, इकडे पाऊस नाही. मी उलट लिहायचो, मी बरा आहे, इकडे पाऊस आहे. एकदा एसटीनं जाऊन आलो. ती माझ्यासमोर बसली, पाणी दिलं, दवाखान्यातल्या शिपायाच्या मुलाचं लग्न ठरलं का ते विचारलं. तिच्या वडिलांनी गिरणीतल्या संपाची गोष्ट काढली आणि ती उठून आत गेली.

मेढ्यात माणसं भरपूर भेटायची. दिवसभर कुणी ना कुणी दारात असायचं. पण चार वाजता शेवटचं जनावर खोड्यातून सुटून गेलं की पुढचा सगळा वेळ माझ्या अंगावर यायचा. भात मी एकदाच लावायचो, सकाळी. तोच संध्याकाळी. तिचं एक पातळ दोरीवर राहून गेलं होतं. ते काढून घडी करावी असं रोज वाटायचं आणि मी त्याच्या खालून वाकून जायचो. मी माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागलो आहे, हे एकदा शिपायानं दारातून विचारलं तेव्हा मला कळलं. "डॉक्टर, कुणाला बोलवताय?" मी म्हटलं, कुणाला नाही.

फटफटी मला रोज लागायचीच. प्रत्येक खड्ड्याला तो आवाज मनगटात शिरायचा आणि प्रत्येक वेळी डावा खांदा आपोआप आखडायचा. एका दिवशी घटसर्पाच्या लशीच्या चार बाटल्या पेटीतच फुटल्या. गवत घालून नीट बांधलेल्या होत्या, तरी फुटल्या. त्या निमित्तानं मी साताऱ्याच्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, बुश बदलून देतो, सहा महिने चालेल, पण जुन्या चिमट्याची जात तीच राहणार. हा काढून टाका आणि देशी गाडीचा तेलाचा चिमटा बसवा. मला ते येत नाही, पण सांगलीत एक टर्नर आहे, तो करतो.

मी त्या दिवसापासून दुसरं काही मनात आणलं नाही. साताऱ्यातच एका भंगारवाल्याकडे तसा चिमटा मिळाला, चाकासकट. उसाच्या ट्रकनं मागून ठोकरलेल्या गाडीचा होता. मागचा भाग चेपलेला आणि पुढचा जसाच्या तसा. मी तो ओल्या फडक्यानं पुसला, गोणपाटात गुंडाळला आणि मागच्या सीटवर सुताच्या दोरीनं आवळून बांधला. चाक त्याच्यावर. तीन दिवसांची रजा टाकली. सकाळी निघालो. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा. इस्लामपूरला चहाला थांबलो तेव्हा दुकानदारानं मागचं ओझं बघून विचारलं, "कुणाचं हाय ह्ये?" मी म्हटलं, माझंच.

टर्नरचं दुकान मिरज रस्त्याला एका वखारीच्या मागे होतं. एक लेथ, एक भाता, एक बाकडं. माणूस पन्नाशीचा, बुटका, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. आधी माधवनगरच्या गिरणीत फिटर होता, मग स्वतःचं काढलं. एकटाच काम करायचा. त्यानं गोणपाट सोडून नळ्या हातात घेतल्या, एक डोळा मिटून त्यांच्या लांबीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "सरळ हायत. ट्रकवाल्यानं उपकार केलं."

मग माझ्या गाडीकडे वळला. "चांगला चिमटा हाय की तुमचा. जुनं काम हाय, पर दणकट. कशाला काढताय?"

"लशीच्या बाटल्या फुटतात," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

काम सोपं नव्हतं. नव्या चिमट्याचा मधला दांडा माझ्या गाडीच्या मानेपेक्षा लांब निघाला आणि बेअरिंगच्या छर्ऱ्यांच्या वाट्या बसेनात. दांडा कापून त्याच्यावर पुन्हा आटे पाडायचे, वाट्या नव्यानं कातायच्या. पहिला दिवस त्यातच गेला. मी स्टूलवर बसून बघत होतो. लोखंडाची साल निघत होती, निळसर, कुरळी, आणि तो ती ब्रशनं बाजूला सारत होता. मध्येच पाना द्या म्हणायचा, मध्येच दिवा धरा. मला ते बरं वाटत होतं. कुणीतरी काहीतरी मागत होतं आणि ते माझ्याजवळ होतं.

माधवनगर तिथून फार तर तासाभराच्या चालीवर. मी तिकडे गेलो नाही. स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. कपडे वाळत टाकलेली कुटुंबं होती, पोहून आलेली माणसं अंग पुसत होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. त्यांनी विचारलं, पाहुणे कुठले? मी म्हटलं, मेढ्याचा. इकडे कुणाकडे? मी म्हटलं, कुणाकडे नाही, कामाला आलोय. सासुरवाडी इतक्या जवळ असताना मी हे म्हटलं, आणि म्हणताना मला काही अडलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिमटा उभा राहिला. दिवा धरणारे कान त्यानं जुन्या पत्र्यातून कापून बसवले. मग चहाचा एक ग्लास स्वच्छ पुसून घेतला आणि तेलाचा डबा उघडला. दोन्ही नळ्यांत सारखं तेल जायला हवं होतं. ग्लास डोळ्यांसमोर धरून त्यानं मला विचारलं, "मागं वजन किती असतंय?"

"म्हणजे?"

"मागं कोन बसतंय का रोज? का एकलंच फिरता? त्या हिशोबानं तेल जाड-पातळ करतो."

मी म्हटलं, "कुणी नाही बसत." आणि मग मला थांबता आलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. दहाची एसटी, खडी, मोरी, चौथा दिवस, सासूबाईंचा प्रश्न. हे मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगत होतो ते काल ओळख झालेल्या, हातात तेलाचा ग्लास धरून उभ्या असलेल्या माणसाला.

त्यानं ग्लास खाली ठेवला. हात पुसले. बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "माझ्या मंडळींची दोन गेली, डॉक्टर. दोन्ही टायमाला ती घरातच हुती. उंबरा वलांडला न्हवता."

मी ग्लासातल्या तेलाकडे बघत होतो.

"मग मी म्हनायचो, घरात वझं उचललं असंल. ती म्हनायची, न्हाई उचललं. लय दिवस मी ऐकलं न्हाई तिचं." त्यानं चष्मा काढून पुन्हा लावला. "तुमच्या मंडळी काय म्हनत्यात?"

"ती काहीच म्हणत नाही."

"इचारलं का?"

"नाही."

तो उठला. "तेल मी दोघांच्या हिशोबानं टाकतो," म्हणाला. "एकलं असताना जरा कडक लागंल. चालंल न्हवं?"

मी म्हटलं, चालेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माधवनगरला गेलो. फटफटीचा आवाज तिला ओळखू आला असावा. मी उतरायच्या आत ती फाटकाशी आली होती. थोडी भरली होती अंगानं. केस नुकतेच धुतलेले. ती माझ्याकडे न बघता पुढच्या चाकाकडे बघत होती.

"हे काय वेगळंच दिसतंय?"

"चिमटा बदलला. आता धक्का बसत नाही."

तिनं हात पुढे करून हँडल खाली दाबलं. नळ्या सावकाश खाली गेल्या आणि सावकाश वर आल्या. तिनं पुन्हा दाबलं. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिचे ओठ जरा हलले. मला वाटलं, आता ती विचारेल, किंवा मी विचारीन. टर्नरचं बोलणं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. एवढ्यात आतून सासूबाईंनी चहा झाल्याचं सांगितलं, आणि ती म्हणाली, "चांगलं झालंय. या आत."

चहा झाला. पोहे झाले. सासरे कामावर होते. मी म्हटलं, निघतो, रजा संपली. ती फाटकापर्यंत आली नाही. दारातच उभी राहिली.

परतीच्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं, नवा चिमटा म्हणजे काय. खड्डे डोळ्यांना दिसत होते आणि हाताला लागत नव्हते. चाक रस्त्याला टेकलंय ना, म्हणून मी वाकून बघत होतो. आष्ट्याच्या पुढे उसातून रस्ता जातो, तिथं गार वारा लागत होता. या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच दिसत होतं की हे सहा महिन्यांपूर्वी करता आलं असतं. कऱ्हाडला पंपावर पेट्रोल भरताना तिथल्या मुलानं माझ्याकडे दोनदा बघितलं, तेव्हा मी रुमाल काढून तोंड पुसलं.

ती परत आली दिवाळीनंतर. तिचे वडील ट्रंक घेऊन बरोबर आले होते. आल्या आल्या तिनं दोरीवरचं पातळ काढलं, उन्हानं त्याचा रंग एका पट्ट्यात उडाला होता, आणि काही न म्हणता त्याची पायपुसणी केली. आमचा संसार पुन्हा सुरू झाला. आम्ही एकमेकांशी फार चांगलं वागत होतो, पाहुण्यांशी वागतो तसं. ती फटफटीवर पुन्हा कधी बसली नाही. मी कधी बस म्हटलं नाही. साताऱ्याला जायचं झालं तर ती एसटीनं जायची, मीही तिच्याबरोबर एसटीनं. दोन वर्षांनी मुलगी झाली, सांगलीला.

माझी बदली कडेगावला झाली तेव्हा मुलगी रांगत होती. डोंगर गेले, सपाट ऊस आला. एका रविवारी दुपारी बायको ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी मुलीला मांडीवर घेऊन होतो. शेजारच्या घरातली सून पहिलटकरीण होती आणि तिला बैलगाडीतून शेतावर नेलं म्हणून तिच्या सासूचा कुणीतरी उद्धार करत होतं; ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. बायकोचा सुपावरचा हात थांबला.

"मला त्या दिवशी सकाळपासूनच दुखत होतं," ती म्हणाली. "तांबडंही गेलं होतं थोडं. म्हणून तर आजच जाऊ म्हटलं तुम्हाला. बाईंना मी सांगितलं होतं."

मला आधी कळलंच नाही ती कुठल्या दिवसाबद्दल बोलतेय. मग कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"घाबरले होते. बोललं की खरं होईल असं वाटलं."

"आणि नंतर?"

ती गव्हातले खडे बोटानं बाजूला करत होती. "आई तुम्हाला बोलली तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, मला नाही बोलली. मग रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही फाटकाशी आलात त्या दिवशी तर सांगणारच होते. तुम्ही इतकं करून आला होतात, मला बोलवेना."

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तिचा राग आला, तोही फार वेळ टिकला नाही. डोळ्यांसमोर येत राहिलं ते मेढ्यातलं माझं रिकामं घर, आणि त्याच वेळी माधवनगरात भिंतीकडे तोंड करून पडलेली ती. दोघांत दोन-तीन आण्यांच्या पोस्टकार्डाचं अंतर होतं आणि त्यावर आम्ही पावसाबद्दल लिहीत होतो.

"मीही विचारलं नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही नाही विचारलंत."

फाटकात एक शेतकरी येऊन उभा राहिला. त्याची गाय अडली होती, वासराचे पाय उलटे आले होते. मी मुलीला तिच्याजवळ दिलं, पेटी घेतली, पायांत वहाणा अडकवल्या. तो शेतकरी मागच्या सीटवर बसला. मी किक मारली तेव्हा ती सूप बाजूला ठेवून, मुलीला कडेवर घेऊन दारात आली होती.

"वेळ लागेल का?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग जेवायची थांबते मी," ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून तो माझ्या दिशेनं हलवला.